दसऱ्याला नाही, चित्राला पेरा : ऑक्टोबरातलं अंगण, शाळा आणि सोयाबीन

आधी माझी चूक सांगते, मग बाकीचं. २०२३ ला दसरा २४ ऑक्टोबरला आला होता. घट उठले, सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी मी गच्चीवरच्या क्रेटमधे मेथी, कोथिंबीर, पालक टाकून दिलं. काय आलं बाई माळवं (भाजीपाला)! पुढं महिना-दीड महिना मेथीची जुडी विकत आणली नाही, शेजारी दोन घरांत दिली वर. माझ्या डोक्यात तेव्हापासून फिट बसलं की दसरा झाला की पेरायचं, विषय संपला. मग २०२५ ला दसरा आला २ ऑक्टोबरला. मी आपली ३ तारखेला पेरून मोकळी. त्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात पाऊस कसा झाला ते सांगायची गरज नाही, माती अजून चिखलच होती, आणि वरून दोन-चार दिवसांत जे ऊन तापलं त्यात कोथिंबीर वर आलीच नाही, मेथी आली आणि तीन-चार इंचावर आडवी पडली, बुडातून सडली सगळी. पालकाचं तर नाव नको.

आत्याबाई (सासूबाई, औसा तालुक्यात गावाकडं असतात, सणावाराला लातूरला येतात) क्रेटकडं बघून म्हणल्या, "अगं, सण मागंपुढं व्हतेत, नक्षत्र व्हतंय का? तू दसरा बघून पेरायलीस, चित्रा कवा निघतंय ते बघ की." (निघतंय म्हणजे लागतंय.)

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. सण चंद्रावर चालतात, अधिक महिना आला की पार अठरा-एकोणीस दिवस सरकतात. नक्षत्रं सूर्याची, ती दरवर्षी त्याच तारखेच्या आसपास येतात, एखादा दिवस इकडंतिकडं. शेतकरी पेरणी नक्षत्रावर का धरतो ते मला गच्चीवरच्या सहा क्रेटनी शिकवलं, लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर. तर हे सगळं नक्षत्राच्या हिशोबानं लिहायलेय, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला किंवा पंचांगात तारखा असतातच, तरी ढोबळ सांगते : हस्त २६-२७ सप्टेंबरला लागतं, चित्रा १० ऑक्टोबरच्या आसपास, स्वाती २३-२४ ऑक्टोबरला आणि विशाखा ६ नोव्हेंबरच्या आसपास.

हस्त : काहीही पेरू नका, माती करा

हत्तीचा पाऊस कधी येईल, किती येईल, सांगता येत नाही, ढग गडगडले की अर्ध्या तासात क्रेट तुंबलेला. त्यामुळं या पंधरा दिवसांत बी टाकायचा मोह आवरायचा आणि फक्त माती तयार करायची. तेही चिखलात नाही. काळी माती ओली असताना खुरपली की तिची ढेकळं होतात आणि ती वाळली की दगड, मग हातोडी घेऊन बसा. वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी ठक्क) आला का बघायची आमच्याकडची पद्धत : मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा, अंगठ्यानं हलकं दाबायचं. फुटला तर वाफसा आहे, नुसता चेपला तर अजून दोन दिवस थांबा, आणि गोळा झालाच नाही तर उशीर झाला, आधी पाणी शिंपडा.

कुंडीत नुसती काळी माती भरू नका. हे मी किती जणींना सांगितलं, पण गावाकडून पोतं भरून आणलं की तेच भरतात, कारण "आपल्या शेताची माती आहे". शेतात ती सोनं आहे हो, कुंडीत नाही. पाणी दिलं की फुगते, वाळली की आकसते, मग कुंडीच्या कडेनं बोटभर भेग पडते आणि तुम्ही ओतलेलं पाणी त्या भेगेतनं सरळ खाली गच्चीवर. वरून वाटतं पाणी दिलं, मुळाला थेंब नाही. मी दोन घमेली काळी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं जाड वाळू घेते, वाळू महाग पडली तर बारीक मुरूम चालतो, आणि क्रेटमागं दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत ताजं नको, उष्ण पडतं आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. हाताला गरम लागत नाही, वास येत नाही, चहाच्या पावडरीसारखं भुगभुगीत झालंय ते घ्यायचं.

क्रेट म्हणजे बाजारातला तो टोमॅटोचा प्लास्टिकचा क्रेट. आतून सिमेंटचं रिकामं पोतं लावायचं, खाली सळईनं आठ-दहा भोकं, आणि क्रेटच्या खाली चार विटा. विटा विसरू नका, नाहीतर स्लॅब गळायला लागला की घरातली माणसं आधी तुमच्या बागेवर येतात.

घटाची माती पण टाकून देऊ नका. आमच्याकडं घटाला शेतातली काळी माती आणतात, पत्रावळीवर पसरून त्यात गहू, ज्वारी, हरभरा, करडई असं टाकतात, मधे मातीचा घट, आणि रोज पाणी. नवव्या दिवशी काय जोमात आलंय ते बघून आत्याबाई रब्बीचा अंदाज बांधतात. दसऱ्याला ते पिवळे-पांढरे कोंब पुरुषांच्या टोपीत खोचले जातात, थोडे देवाला, उरलेलं सगळं मी क्रेटमधे उलटं करून गाडते. हिरवळीचं खत म्हणा. आत्याबाईंना विचारून करते बरं का, त्यांनी हो म्हणल्यावर.

झेंडू, शेवंती याच दिवसांत. झेंडू दसऱ्याला पाहिजे असेल तर रोपं श्रावणाच्या आसपास लागलेली पाहिजेत, आता हळहळून उपयोग नाही, शंभर रुपये घेऊन बाजारात जा. शेवंतीचं मात्र ऐका. तिला कळी धरायला लांब रात्र लागते, अंधाराची रात्र. माझी एक कुंडी गेटजवळ होती, वर रात्रभर बल्ब. झाड कसं फोफावलेलं, पानं हिरवीगार, आणि कळी नाही. दुसरी कुंडी त्याच दिवशी आणलेली, मागच्या बाजूला मोरीपाशी, ती फुलांनी लगडलेली. मी खत घालून घालून दमले, शेवटी पोरीनं शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं काहीतरी आठवून सांगितलं की आई लाइट बंद करून बघ.

चित्रा : हात आवरा, बोट घालून बघा

ही खरी ऑक्टोबर हीट. पाऊस परत फिरलेला, आभाळ कोरं, जमिनीत ओल आणि वर ऊन, म्हणजे भट्टीवर ठेवलेल्या भाताच्या पातेल्यासारखं. दुपारी पारा ३३-३४ ला जातो, आणि गच्चीवरचा क्रेट स्लॅबवर असला की त्याच्याहून जास्त. दुपारी चारला मातीत दोन पेरं बोट घाला आणि दहा आकडे मोजा. बोट काढावंसं वाटलं तर बी टाकायचं नाही. नुसतं कोमट लागलं तर मेथी टाका, ती धट्टीकट्टी आहे. कोथिंबीर, पालक टाकायला माती थंड लागायला पाहिजे, ते दोघं उन्हात रुसतात, रुजतच नाहीत किंवा रुजले तर बोटभर झाल्यावर तुरा काढून मोकळे.

साधारण चित्रा अर्ध्यावर आलं, म्हणजे १६-१७ तारखेच्या पुढं, की मेथी पेरते. मेथीला काही कौतुक नाही : रात्री भिजत घाला, सकाळी निथळा, क्रेटभर दाट पेरा, वर अर्धा इंच माती, झारीनं पाणी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर. पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी कापणी. उपटू नका, दोन बोटं ठेवून कात्रीनं कापा, परत थोडी फुटते. दुसरी कापणी पहिलीएवढी नसते, पण आमटीत टाकायला भागतं.

कोथिंबिरीवर जरा जास्त बोलते कारण सगळ्यात जास्त जणींची तीच फसते. किराणा दुकानातले धने चालतात का? चालतात, पण जुने, भाजलेले, पांढुरके पडलेले नको, हिरवट झाक असलेले घ्या. एक धणा म्हणजे दोन बिया असतात, म्हणून अख्खा पेरू नका. पोत्यावर पसरून चपलेच्या तळव्यानं किंवा लाटण्यानं हलकं रगडायचं, दोन फाकी झाल्या पाहिजेत, पीठ नाही. (आमचं लेकरू मदतीला आलं आणि पायानं असं रगडलं की त्याचा मसाला झाला, त्या दिवशी भाजीत टाकला.) मग रात्रभर पाण्यात, सकाळी पाणी फेकून ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत एक दिवस. मग पेरायचं, अर्धा इंच खोल, वर जुनी सुती साडी दोन पदरी करून अंथरायची आणि साडीवरूनच पाणी मारायचं. साडीमुळं माती थंड राहते आणि वरचा थर कडक होत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी कोंब दिसला की साडी काढा, तेही संध्याकाळी काढा, भर दुपारी काढली तर कोवळे कोंब करपतात. आणि आठ दिवस काहीच दिसलं नाही म्हणून उकरून बघायची सवय असते ना आपल्याला, ती सोडा. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी काढणीला येते. मी एकदम सगळा क्रेट पेरत नाही, दर दहा दिवसांनी एक पट्टा पेरते, म्हणजे एकदम पाच जुड्या आणि मग महिनाभर काही नाही असं होत नाही.

पालकाचं बी काटेरी टणक असतं, रात्रभर भिजवा आणि स्वाती लागल्यावरच टाका. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं आत्ता घ्यायची असतील तर नर्सरीतून घेताना पान उलटं करून बघा. मी एकदा घाईत दहा रोपं आणली, खाली पांढरी माशी अशी बसलेली, घरी येऊन बाकीच्या झाडांना पण लागली. भेंडी आत्ता नको, थंडीत वाढत नाही, फेब्रुवारीत लावा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली परभणी क्रांती म्हणून जात आहे, हळद्या रोगाला (पानाच्या शिरा पिवळ्या पडतात तो) सहसा दाद देत नाही, तेवढं नाव लिहून ठेवा तेव्हासाठी.

पाणी, आणि पाण्यातले डास

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सकाळी साडेनऊला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला परत. ऑक्टोबरात वरून सत्र परीक्षा, पेपर तपासणी, सगळं दिवाळीच्या सुट्टीच्या आत. तेव्हा बागेला वेळ सकाळी वीस मिनिटं, तेवढाच. म्हणून पाणी फक्त सकाळी सातच्या आत. संध्याकाळी पान ओलं ठेवलं तर या दमट दिवसांत बुरशीचे रोग धरतात, आणि सकाळी दिलेलं पाणी दुपारच्या उन्हाला कामी येतं. वरती सोयाबीनचं भुस्कट पसरा, आमच्याकडं गुळी म्हणतात त्याला, खळ्यावर ढीग पडलेला असतो, दोन पोती मागून आणा. दोन बोटं जाड थर दिला की एक दिवसाआड पाणी पुरतं. रोपांच्या बुडाला मात्र चिकटवू नका, सडतात.

पाण्याचं लातूरकरांना सांगायला नको. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आम्ही बादल्या घेऊन पाहिलंय, त्यामुळं नळ येत असला तरी आमच्या घरात बॅरल, हौद, टाकी, कळशी सगळं भरलेलंच. सवय जात नाही. आणि तीच सवय ऑक्टोबरात घात करते, कारण डेंग्यूचा डास घाण पाण्यात नाही, आपल्या या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. अंडं घातल्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून आठवड्यात एक दिवस कोरडा, आमच्याकडं रविवार. नुसतं पाणी ओतून परत भरायचं नाही, अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात पण महिनोन्महिने टिकतात. नारळाच्या काथ्यानं बॅरल आतून घासायचं, उन्हात दुपारभर पालथं, मग भरायचं. ते फेकायचं पाणी बागेला. हौद मोठा असेल, उपसणं जमत नसेल तर गप्पी मासे सोडा, आरोग्य खात्याकडं मिळतात. कुंडीखालच्या ताटल्या, फ्रीजच्या मागचा ट्रे, कूलर! कूलर आता लागणार नाही म्हणून कोपऱ्यात ढकललेला असतो आणि त्याच्या तळाला दोन इंच पाणी. आमच्या गल्लीत एका वर्षी चार घरं आजारी पडली ती अशाच एका कूलरमुळं, असं मला तरी वाटतं.

पिठ्या ढेकूण, आणि लिंबाचं झाड

ऊन-दमटाच्या या दिवसांत जास्वंदीच्या शेंड्यावर कापूस ठेवल्यासारखं दिसायला लागलं तर तो पिठ्या ढेकूण. औषध आणायच्या आधी मुंग्या बघा. मुंग्याच त्याला एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात, त्याचा गोड चिकटा खातात. शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात, बाकीच्या झाडाला पाण्याचा जोरात फवारा, मग निंबोळी अर्क. अर्क घरीच करा : ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर १ लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातनं गाळायचं, चिमूटभर कपड्याच्या साबणाचा चुरा, आणि संध्याकाळी पानाच्या खालून फवारायचं. आठ दिवसांनी परत. एका फवारणीत जात नाही, "तुझा अर्क काही कामाचा नाही" म्हणून मला फोन करू नका. निंबोळ्या आत्ता झाडाखाली सापडणार नाहीत, त्या जून-जुलैत वेचून ठेवायच्या असतात, पुढच्या वर्षी लक्षात ठेवा, यंदा दुकानातून निंबोळी अर्क आणा.

अंगणात लिंबाचं झाड असेल तर त्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी झालीत का बघा. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, लोह असून झाडाला घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम, १ लिटर पाणी, त्यात अर्धं लिंबू पिळून संध्याकाळी फवारा. आणि ज्यांना लिंबू एप्रिल-मेमधे पाहिजे, जेव्हा एक लिंबू दहा रुपयाला होतं, त्यांनी हस्त बहार ऐकला असेल : सप्टेंबरात झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग ऑक्टोबरात खत-पाणी द्यायचं आणि फुलं धरायची. तत्त्व खरं आहे, पण आपल्याकडं सप्टेंबरातच पाऊस आणि काळी माती आठ-आठ दिवस ओल सोडत नाही, मग ताण बसणार कधी? मी दोनदा केलं, एकदा तीन लिंबं आली. आळ्यावर प्लास्टिक अंथरून जमवणारे पण आहेत, त्यांना माझा नमस्कार.

शनिवार-रविवार गावाकडं

सोयाबीन काढणी, आणि आपण नोकरीवाले. हा विषय घराघरात तापतो. आमचे हे शुक्रवारपासून फोनवर, मजूर मिळतंय का, हडंबा (मळणी यंत्र) कुणाचा येतोय, आणि मी इकडं पेपर तपासत. आम्ही ठरवून टाकलंय की काढणीचे दोन शनिवार-रविवार सगळे गावाकडं, लेकरं पण, आणि तिकडं जाऊन सल्ले द्यायचे नाहीत. भाऊजी वर्षभर शेत बघतात, आपण दोन दिवस जाऊन "असं का नाही केलं" म्हणणं बरोबर नाही. ह्यांना हे समजायला वेळ लागला.

नोकरीवाल्यांनी खळ्यावर करण्यासारखं काम म्हणजे वाळवण आणि बियाणं. हातात तेवढंच जमतं. मळणी झालेलं सोयाबीन ताडपत्रीवर पातळ पसरायचं, दिवसातून तीन-चार वेळा पायानं चर पाडत फिरायचं, हे लेकरांना आवडतं. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायचं. खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, जास्त असला की भाव पाडतात किंवा माघारी पाठवतात. यंत्र नसेल तर दात : दाणा चावला आणि कट्ट करून तुटला तर वाळलाय, दाताला रुतला तर अजून एक दिवस ऊन.

बियाण्याचं वेगळं ठेवा. सोयाबीन स्वपरागी आहे, घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं, दरवर्षी महागाची पिशवी घ्यायची गरज नाही. पण त्याची साल नाजूक. बियाण्यासाठी मळणी करताना हडंब्याचे फेरे कमी ठेवायला सांगा, पोती आदळू नका, फळीवर ठेवा, भिंतीला चिकटवू नका, आणि एकावर एक पाच-सहाच्या वर थप्पी नको. मे महिन्यात उगवण बघायची ती आत्ता शिकून घ्या, घटासारखंच आहे. वेगवेगळ्या पोत्यातून मिसळून १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून ओला गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडायचं. सात-आठ दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. ७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलोनं पेरा, कमी आले तर तेवढं बी वाढवा, फारच कमी आले तर ते बी बाजारात घाला. आमच्या लेकाला आज्जीनं हे करायला दिलं होतं, त्याला ७८ आले, घरभर नाचला. शाळेचा प्रकल्प म्हणून पण चालतं हो, मी शिक्षिका आहे म्हणून सांगायलेय.

खळ्यावर जाताना सगळ्यांनी नाकाला रुमाल बांधा. सोयाबीनची धूळ फार वाईट, अंगाला खाज आणि रात्रभर खोकला, ज्याला दमा आहे त्यानं हडंब्याच्या जवळच जाऊ नये. आणि ज्यांचा हात यंत्रात पेंढी सारायला जातो त्यांनी ढगळ बाह्यांचा शर्ट घालू नये, ओढणी, पदर मोकळा सोडू नये. दरवर्षी ऐकू येतं कुठून तरी.

परत येताना पोतंभर गुळी, पोतंभर शेणखत, आणि आत्याबाई. दिवाळी लातूरला.

वाकळा, आणि आत्याबाईंचा वेळ

हेच ऊन वाकळांना, म्हणजे गोधड्यांना. दिवाळीच्या कामांत वाकळा शेवटच्या आठवड्यात ढकलू नका, स्वातीत कधीकधी पाऊस येतो. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" शेतासाठी ठीक आहे, अर्धवट वाळलेल्या वाकळेसाठी नाही, तिला जो वास लागतो तो थंडीभर जात नाही. चित्राच्या कडक उन्हात, दोन-दोन करून, सकाळी आठच्या आत धुवून गच्चीच्या कठड्यावर. आणि एका दिवशी सगळ्या धुवायच्या नाहीत, रात्री पांघरायला काय घेणार? पहाटे गारवा सुरू झालेला असतो. मला हे सांगावं लागतंय कारण आम्ही केलंय.

आत्याबाई शहरात आल्या की त्यांना चार दिवसांत करमत नाही. टीव्ही बघत नाहीत, शेजारी बोलायला कुणी नाही, गुडघे दुखतात म्हणून गच्चीवर जाता येत नाही. म्हणून दोन क्रेट मी खाली ओट्यावर आणले, स्टुलावर ठेवले, कमरेएवढे. त्यांच्या ताब्यात. आता सकाळचं पाणी त्यांचं, आणि मला वीस मिनिटं मोकळी, त्यात पेपरचा एक गठ्ठा होतो. त्यांनी एका क्रेटमधे लसूण लावलाय, पाकळी टोक वर करून, चार बोटांच्या अंतरानं. पातीसाठी. गड्डा पाहिजे तर चार-साडेचार महिने थांबावं लागतं, पात महिन्यात कापायला येते, शेंगदाण्याच्या चटणीत काय लागते म्हणून सांगू.

स्वाती-विशाखा : आता उलटा हिशोब

स्वाती लागलं की पालक, मुळा, शेपू, वाटाणा सगळं टाका, आता माती थंड झालेली असते. गाजर काळ्या मातीत वाकडंतिकडं फाटं फुटून येतं, क्रेटमधे वाळू जास्त घालून करा नाहीतर सोडा.

वाटाणा मी तारीख मागं मोजून पेरते, कारण मला तो वेळ अमावस्येला पाहिजे. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना माहितीच आहे, बाहेरच्यांसाठी : मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं शहर ओस पडतं, जो तो शेतात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, आणि जेवायला उंडे, आंबील आणि ती भज्जी, ज्यात तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभरा, वालाच्या शेंगा, मेथी, पालक, कांद्याची पात, हाताला येईल ते सगळं बेसनात शिजतं. आता ही पण अमावस्या चंद्राचीच, सरकणारी : २०२४ ला ३० डिसेंबरला होती, २०२५ ला १९ डिसेंबरलाच. म्हणजे नक्षत्रावर सगळं सोपवून इथं जमत नाही. कॅलेंडरवर ती तारीख गोल करा आणि मागं या. वाटाण्याला साठ-सत्तर दिवस. कोथिंबीर पंचेचाळीस. पालक पस्तीस-चाळीस. मेथी तीस.

अमावस्या लवकर असेल तर वाटाण्याची तारीख चित्रात जाते, तेव्हा त्या क्रेटवर साडीचा आडोसा आणि दुपारी भिंतीची सावली, तरी दाणा थोडा कमीच भरतो. माझ्या २०२५ च्या दोन क्रेटमधून वाटीभर वाटाणा निघाला. भाऊजी म्हणले, एवढ्याला शहरातनं आणायची काय गरज होती. आत्याबाईंनी मात्र तो सगळ्यात आधी पातेल्यात टाकला.